नाना फडणवीसांचं मूळ आडनाव फडणवीस नव्हतंच, मग ते आलं कुठून?

पुण्यातली गणपती विसर्जनाची मिरवणूक बघायला एकदा तरी गेला असाल, तर बेलबाग चौक माहिती असणारच. मंडईकडून येणारे मानाचे गणपती इथूनच लक्ष्मी रस्त्याला लागतात. ज्या बेलबागेवरून चौकाला हे नाव पडलं, ते विष्णूचं देऊळ तिथंच दुकानांच्या आड आहे. पण ढोलताशाच्या गर्दीत तिकडं कुणाचं लक्ष जात नाही.

हे देऊळ बांधलं नाना फडणवीसांनी. शनिवारवाड्याजवळचा नानावाडा त्यांचाच आणि नाना पेठेचं नावही त्यांच्यावरूनच. म्हणजे सव्वादोनशे वर्षं झाली तरी पुण्यात जागोजागी नाना आहेत.

पण यात एक गंमत आहे. ज्या फडणवीस या नावानं आपण त्यांना ओळखतो, ते त्यांच्या घराण्याचं आडनाव नव्हतंच. आडनाव होतं भानू. पूर्ण नाव बाळाजी जनार्दन भानू. त्यांच्या काळातली पत्रं उघडली तर तिथं बहुतेक ठिकाणी बाळाजी जनार्दन एवढंच दिसतं. घरातले आणि दरबारातले त्यांना नाना म्हणायचे. फडणवीस हा होता हुद्दा. आजच्या भाषेत सांगायचं तर ऑफिसच्या दारावरची पाटी. ती पाटी इतकी घट्ट बसली की खालचं मूळ नाव पुसूनच गेलं.

आता या शब्दाचा अर्थ काय?

बऱ्याच जणांना वाटतं की फड म्हणजे तमाशाचा फड, कुस्तीचा फड किंवा उसाचा फड, आणि फडावर देखरेख करणारा तो फडणवीस. ऐकायला बरं वाटतं. पण हा शब्द आला फारसीतून. फर्द म्हणजे कागदाचा बंद, यादी, हिशेबाचा तक्ता. नवीस म्हणजे लिहिणारा. फर्द लिहितो तो फर्दनवीस. मराठी माणसाच्या तोंडी त्याचं फडनवीस झालं, मग फडणवीस आणि आणखी घासून फडणीस. आज फडणवीस आणि फडणीस ही दोन वेगळी आडनावं वाटतात, पण शब्द एकच.

तरी फडाचा समज अगदीच हवेतला म्हणता येत नाही. पेशव्यांच्या कचेरीत जिथून हुकूम आणि सनदा निघायच्या त्या शाखेलाच फड म्हणायचे. फडणीस फडावर बसायचा, त्यामुळं दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले.

एकदा नवीस म्हणजे लिहिणारा हे कळलं की शाळेच्या हजेरीपटातली निम्मी आडनावं उलगडतात. चिठ्ठ्या, म्हणजे सरकारी पत्रं लिहिणारा चिटणीस. खजिना सांभाळणारा पोतनीस. राजाच्या कोठ्या आणि कारखान्यांचा हिशेब ठेवणारा कारखानीस. घोड्यांच्या पागेची नोंद ठेवणारा पागनीस. घडलेल्या घटनांची नोंद करणारा वाकनीस, कारण वाका म्हणजे घडलेली गोष्ट. दरबारात फारसी पत्रव्यवहार बघणारा पारसनीस. शेवटी नीस दिसलं की समजायचं, या घराण्यात कधीतरी कुणाच्या तरी हातात बोरू होता.

हे काही फक्त आपल्याकडंच घडलं असं नाही. इटलीत फेरारी हे अगदी घरोघरी सापडणारं आडनाव आहे. ज्या गाडीचे फोटो आपण स्टेटसला ठेवतो, तिचं नाव तिच्या संस्थापकाच्या आडनावावरून पडलं आणि त्या आडनावाचा अर्थ आहे लोहार. तिकडचा फेरारी म्हणजे इकडचा लोहार. जगभर आडनावं अशीच धंद्यांतून आली. मराठी मुलखात मात्र कारकुनी हुद्द्यांची आडनावं जरा जास्तच झाली, कारण इथं हुद्दा वतन म्हणून बापाकडून मुलाकडं जायचा. दोन-तीन पिढ्या एकच काम केलं की लोक कामाच्याच नावानं हाक मारायला लागायचे.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत शब्द आणायचा प्रयत्न केला, त्यासाठी राज्यव्यवहारकोश तयार झाला. मुजुमदाराचा अमात्य झाला, वाकनीसाचा मंत्री, सुरनीसाचा सचिव. पण लोकांच्या जिभेवर जुने शब्दच राहिले. आज अमात्य आडनावाच्या माणसापेक्षा मुजुमदार भेटण्याची शक्यता कितीतरी जास्त. आणि फडणीस हे पद फक्त पुण्यात नव्हतं, सरदारांच्या पदरी आणि किल्ल्यांवरही फडणीस असायचे. त्यामुळं आजचे सगळे फडणवीस आणि फडणीस एकाच घराण्याचे असं समजायचं कारण नाही.

भानूंच्या घरात ही पाटी कशी आली, ती गोष्ट सुरू होते कोकणात.

रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास आज कासवांच्या महोत्सवासाठी प्रसिद्ध आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं तिथं जातात. हे वेळास भानूंचं गाव. बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडं श्रीवर्धनचा मुलूख, आणि श्रीवर्धनची देशमुखी होती भटांकडं. या भट घराण्यातले बाळाजी विश्वनाथ जंजिऱ्याच्या सिद्दीच्या रोषाला सापडले. त्यांना घरदार सोडून घाटावर पळावं लागलं. या पळापळीत त्यांना साथ दिली वेळासच्या भानू बंधूंनी. हरी महादेव, बाळाजी महादेव आणि रामाजी महादेव. अशी आख्यायिका आहे की बाळाजी विश्वनाथांनी तेव्हा शब्द दिला होता, नशीब उघडलं तर माझ्या भाकरीतली चतकोर तुमची.

नशीब उघडलं. १७१३ मध्ये छत्रपती शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं दिली. लवकरच भानूंकडं फडणिशी आली. चतकोर भाकरी मिळाली ती अशी.

तिची किंमतही लगेच मोजावी लागली. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन दिल्लीला गेले. बादशहाकडून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळवायच्या होत्या. दिल्लीत मोठी दंगल झाली आणि त्यात मराठ्यांची बरीच माणसं मारली गेली. त्यात बाळाजी महादेव भानूही होते. सनदा घेऊन पेशवे परत आले, फडणीस आले नाहीत. हे बाळाजी महादेव म्हणजे नानांचे आजोबा. आजोबांचंच नाव नातवाला ठेवलं गेलं.

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ चा, साताऱ्याचा. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले आणि चौदा वर्षांच्या पोराच्या नावानं फडणिशी झाली. आपल्याकडं चौदाव्या वर्षी पोरगं नववीत असतं. अर्थात सगळं काम लगेच त्यांनी केलं असं नाही, भाऊबंद मोरोबादादांचाही फडणिशीत वाटा होता. पण वतनाचा अर्थच हा होता की तुला जमेल की नाही हे कुणी विचारणार नाही. बापाची जागा आहे, बस.

त्यानंतर पानिपत झालं.

सदाशिवरावभाऊंच्या फौजेबरोबर नानाही उत्तरेत गेले होते. बरोबर आई आणि बायको. तीर्थयात्रा घडावी हा हेतू. १४ जानेवारी १७६१ ला सगळं संपलं. नाना रणांगणावरून निसटले. पायी, उपाशी, जीव मुठीत धरून अनेक दिवस फिरले. बायको वाचल्याचं पुढं कळलं, तिची भेटही झाली. आई मात्र गेली.

हे सगळं आपल्याला कळतं कारण नानांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यांचं आत्मचरित्र अगदी छोटं आहे आणि ते तारुण्यातल्या काही वर्षांवरच थांबतं. पण त्यात हा माणूस स्वतःला मोठा वीर म्हणून दाखवत नाही. भीती लिहितो, मनाचे कमकुवतपणे लिहितो. ज्या काळात मोठी माणसं स्वतःच्या पराक्रमाच्या बखरी लिहून घेत होती, त्या काळात एक कारकून स्वतःच्याच जमाखर्चाची नोंद करतो, आणि खर्चाची बाजू लपवत नाही. मला नानांबद्दल जी काही आपुलकी वाटते ती या छोट्या वहीमुळं.

पानिपतानंतर नाना आयुष्यात कधी तलवारीच्या वाटेला गेले नाहीत. साडेतीन शहाणे ही म्हण तुम्ही ऐकली असेल. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण शहाणे. अर्धे शहाणे नाना. बुद्धी त्यांच्यापेक्षा कमी म्हणून नाही. ते लढवय्ये नव्हते, म्हणून अर्धे. अठराव्या शतकात नुसत्या डोक्याला पूर्ण मार्क मिळत नव्हते.

पण या अर्ध्या शहाण्याच्या हातात जे होतं ते भल्याभल्या सरदारांकडं नव्हतं. पेशव्यांचं हुजूर दप्तर.

याचं काम कसं चालायचं हे बघण्यासारखं आहे. दप्तरात दोनशेच्या वर कारकून होते. चालतं दप्तर थेट फडणिसाच्या हाताखाली. त्यात फड ही एक शाखा, तिथून सनदा आणि हुकूम निघायचे. बेहडा ही दुसरी, तिथं पुढच्या वर्षीचा जमाखर्चाचा अंदाज बांधला जायचा. आज आपण बजेट म्हणतो ते. सरदारांना तोडून दिलेल्या मुलखाचा हिशेब सरंजामाच्या शाखेत. आणि या सगळ्याच्या वर एकबेरीज दप्तर. गावागावांतून, परगण्यांतून, फौजेकडून आलेले हिशेब तिथं एकत्र व्हायचे, तारीखवार लागायचे, विषयवार फुटायचे आणि वर्षाच्या शेवटी एका नजरेत बघता येईल असा सगळ्या राज्याचा गोषवारा तयार व्हायचा. त्याला तर्जुमा म्हणायचे.

म्हणजे कोणत्या सरदाराला किती मुलूख दिला, त्यानं किती घोडेस्वार ठेवायचे कबूल केलं, ठेवले किती, वसूल किती केला आणि सरकारात भरला किती, हे सगळं नानांना बसल्या जागी कळायचं. आज ज्याच्याकडं डेटा त्याची सत्ता असं आपण म्हणतो. फडणीस या शब्दाचा खरा वजनदार अर्थ इथं आहे. तो नुसता लिहिणारा नव्हता. राज्यात काय खरं आणि काय खोटं हे ज्याच्या कागदावर ठरतं, तो माणूस होता.

एक कागद काय करू शकतो हे पुण्यानं १७७३ मध्ये बघितलं. ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. धरावे असं लिहिलेल्या चिठ्ठीत ध चा मा करून मारावे केलं गेलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आनंदीबाईंनीच ते केलं याला ठाम पुरावा नाही, ती गोष्ट म्हणूनच ऐकायची. पण लोकांना ती इतकी पटली यातच सगळं आलं. एका अक्षरानं पेशवा मरू शकतो, हे त्या काळातल्या पुणेकरांना अशक्य वाटत नव्हतं.

खुनाचा ठपका काका रघुनाथरावांवर आला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना दोषी ठरवलं. पण फौज आणि गादी रघुनाथरावांकडंच होती. तेव्हा सखारामबापू, नाना, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके अशा कारभाऱ्यांनी एकत्र येऊन बेत रचला. हेच ते बारभाईंचं कारस्थान. नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदर किल्ल्यावर नेलं. १८ एप्रिल १७७४ ला तिला मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी तो पेशवा झाला. सवाई माधवराव.

पेशवा पाळण्यात, छत्रपती साताऱ्यात, आणि कारभार फडणिसाच्या हातात. पुढची वीस वर्षं मराठी राज्य असं चाललं.

नानांनी या वीस वर्षांत इंग्रजांना जेवढा त्रास दिला तेवढा फार कमी जणांनी दिला असेल. रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांना जाऊन मिळाले, इंग्रज त्यांना घेऊन पुण्यावर निघाले. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठी फौजांनी त्यांना कोंडलं आणि शरणागतीचा तह लिहून घेतला. एक्सप्रेस वे होण्याआधी मुंबईला जाताना लागायचं तेच वडगाव मावळ. लढाईचं काम महादजी शिंदे आणि बाकी सरदारांचं. नानांचं काम पत्रांचं. निजाम, हैदर अली आणि नागपूरकर भोसले या तिघांशी एकाच वेळी पत्रव्यवहार करून त्यांनी इंग्रजांविरुद्ध सगळ्यांना एका बाजूला आणलं. या तिघांचं आपसात किती पटायचं हे माहिती असेल तर याची किंमत कळेल.

१७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. महादजींनी मध्यस्थी केली, मे महिन्यात मसुद्यावर सह्या झाल्या. पण पुण्याहून मंजुरी काही येईना. हैदर अली इंग्रजांशी लढतोय तोवर कागद अडवून ठेवायचा, हा नानांचा हिशेब. डिसेंबरमध्ये हैदर वारला आणि त्यानंतर मंजुरी गेली. फाइल दाबून ठेवणं हा सरकारी ऑफिसातला जुना प्रकार. इथं एका फडणिसानं ती राज्याच्या फायद्यासाठी दाबली होती.

नानांच्या हिशेबाची काळी बाजूही आहे, आणि ती त्यांचे चाहते पटकन उलटून टाकतात.

ज्या मोरोबादादांचा फडणिशीत वाटा होता, त्यांनी १७७८ मध्ये रघुनाथरावांना परत आणायचा घाट घातला. नानांनी त्यांना पकडलं आणि पुढची वीसएक वर्षं ते कैदेत राहिले. सखारामबापूंसारखा जुना सहकारीही शेवटी कैदेतच मेला. नानांचे हेर सगळीकडं असायचे. ज्याला सगळं माहिती असतं त्याला कुणावर विश्वास ठेवणं जड जातं, असं दिसतं.

आणि घाशीराम. औरंगाबादकडून आलेला हा माणूस नानांच्या मर्जीनं पुण्याचा कोतवाल झाला आणि पंधरा वर्षांच्या आसपास त्यानं शहराला पिळलं. १७९१ मध्ये त्यानं कोंडून ठेवलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी बरेच जण गुदमरून मेले. शहर पेटलं. लोकांनी कोतवालाला मागितलं, नानांनी दिला. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

विजय तेंडुलकरांचं घाशीराम कोतवाल १९७२ मध्ये रंगमंचावर आलं तेव्हा पुण्यात मोठा वाद झाला. नाटकातले नाना विलासी आणि कपटी आहेत. नाटक म्हणजे इतिहास नव्हे, हे मान्य. तेंडुलकर सत्तेबद्दल बोलत होते. पण इतिहासातला प्रश्न नाटकाशिवायही उरतोच. परगण्यातल्या पै-पैचा हिशेब ज्यांना ठाऊक होता, त्यांना आपल्याच शहरात कोतवाल काय करतोय हे इतकी वर्षं कळलं नसेल? कळलं असेल तर गप्प का बसले? मला तरी यातून नानांची सुटका दिसत नाही.

खासगी आयुष्याचंही तसंच. त्यांनी नऊ लग्नं केली. मुलगा हवा होता, तो जगला नाही. शेवटची बायको जिऊबाई तर नानांच्या मृत्यूच्या वेळी नऊ-दहा वर्षांची होती. त्या काळची रीत म्हणून हे सोडून देता येतं, पण त्या पोरीच्या बाजूनं बघितलं की रीत या शब्दानं भागत नाही.

१७९५ चा मार्च. खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. पुण्याचा झेंडा घेऊन सगळे मराठे सरदार एकत्र लढले अशी ही शेवटची मोठी लढाई. एक वर्षापूर्वी महादजी शिंदे वानवडीला वारले होते, तारीख १२ फेब्रुवारी, म्हणजे नेमका नानांचा वाढदिवस. आता नानांना तोडीचा माणूस उरला नव्हता. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये एकवीस वर्षांचे सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली कोसळले आणि दोन दिवसांत गेले. तोल गेला की उडी मारली, यावर आजही वाद होतात. नानांच्या कडक पहाऱ्यात वाढलेला हा मुलगा मनानं कंटाळला होता असं अनेकांनी लिहिलंय.

गादीला वारस म्हणून नाव आलं रघुनाथरावांच्या मुलाचं, दुसऱ्या बाजीरावाचं. नानांनी ज्याच्या बापाशी आयुष्यभर झुंज घेतली, त्याचाच मुलगा. नानांनी आधी विरोध केला, मग जुळवून घेतलं, मग पुण्यातून पळावं लागलं. वाई, तिथून महाड. हातात फौज नाही, पद नाही. महाडला बसून त्यांनी पुन्हा तेच केलं जे त्यांना येत होतं. पत्रं लिहिली. निजाम, भोसले, होळकर आणि खुद्द विरोधात असलेले दौलतराव शिंदे, सगळ्यांना एकेक करून आपल्याकडं वळवलं. शिंद्यांचे कारभारी बाळोबा पागनीस कैद झाले आणि डिसेंबर १७९६ मध्ये नाना पुन्हा पुण्यात कारभारी म्हणून परत आले. इतिहासात याला महाडचं कारस्थान म्हणतात. फडणिसाचा पागनिसावर विजय, असंही म्हणता येईल.

पण ३१ डिसेंबर १७९७ ला ते फसले. आणि इथं इटली पुन्हा येते.

शिंद्यांच्या कवायती पलटणींमध्ये युरोपातले बरेच अधिकारी नोकरीला होते. त्यातला एक मायकेल फिलोस, इटलीतल्या नेपल्सचा. दौलतरावांच्या भेटीला यायला नाना कचरत होते, तेव्हा या फिलोसनं त्यांच्या सुरक्षिततेची हमी दिली. आयुष्यभर कुणावर विश्वास न ठेवलेल्या माणसानं या हमीवर विश्वास ठेवला. नाना छावणीत गेले आणि फिलोसनंच त्यांना पकडलं. त्या रात्री पुण्यात नानांच्या माणसांची घरं लुटली जात होती, गोळीबार चालू होता. नानांची रवानगी नगरच्या किल्ल्यात. पुढं याच फिलोस आडनावाचे लोक शिंद्यांच्या पदरी ग्वाल्हेरला राहिले आणि तिथला प्रसिद्ध जयविलास राजवाडा ज्यानं उभारला तोही एक मायकेल फिलोसच होता.

१७९८ मध्ये मोठी रक्कम मोजून नाना सुटले. बाजीरावाला त्यांच्याशिवाय कारभार झेपेना. तो रात्री वेश पालटून नानांच्या घरी गेला आणि त्यानं त्यांना परत येण्याची गळ घातली, अशी हकीकत आहे. नाना परत आले, पण तब्येत गेली होती आणि मनही. १३ मार्च १८०० ला पुण्यात ते वारले. वय ५८.

नाना गेल्यावर त्यांच्या मालमत्तेवर सगळ्यांचा डोळा होता. जिऊबाईला लोहगडावर आसरा घ्यावा लागला. अडीच-पावणेतीन वर्षांत वसईचा तह झाला आणि पेशवा इंग्रजांच्या पंखाखाली गेला. १८१८ मध्ये पेशवाईच संपली. हे सगळं आपण शाळेत शिकतो.

शाळेत न शिकलेली गोष्ट दप्तराची आहे. नानांच्या काळापर्यंत हुजूर दप्तरातले कागद शिस्तीत लागलेले होते. बाजीरावाच्या राज्यात तिकडं कुणी बघेना. कारकून कागद घरी घेऊन जायला लागले, कुणी अडवेना. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दप्तर ताब्यात घेतलं, तेव्हा जुनी वर्षं नीट सापडली आणि अलीकडची वर्षं विस्कटलेली. राज्य कधीपासून ढासळलं हे शोधायला लढायांच्या तारखा बघायचीही गरज नाही, रुमाल सोडून बघितले तरी कळतं. रुमाल म्हणजे ज्यात कागद बांधून ठेवायचे ते कापड.

नानांचे स्वतःचे कागद मात्र वाईजवळ मेणवलीला होते. कृष्णाकाठचा त्यांचा वाडा आजही उभा आहे. खाली घाट आहे, देवळापाशी वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. स्वदेस सिनेमा बघितला असेल तर हा घाट तुम्ही बघितलाय, शूटिंग तिथंच झालं होतं. नानांच्या मागं शंभरएक वर्षं ते कागद त्या वाड्यात पडून होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका इतिहास संशोधकानं ते मिळवले, आणि मेणवली दप्तर म्हणून ते अभ्यासकांना माहिती झालं. पुढं साताऱ्याच्या संग्रहालयातून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये आलं.

त्या संशोधकाचं नाव दत्तात्रय बळवंत पारसनीस.